थापटण्यामागचा हात

तेरणेच्या काठचे तेर हे धाराशिव जिल्ह्यातले गाव. तगर या नावाने प्राचीन काळी ते मोठी व्यापारपेठ होते. पण मराठी मनातले तेर गोरोबाकाकांचे! मृत्यूच्या उंबरठ्यावरच्या रुग्णांची सेवा करणाऱ्यांनी मनाची तयारी कशी करावी, हा विषय निघाला की मला हा कुंभार आठवतो.

गोरोबा तेराव्या शतकातले. ज्ञानदेव-नामदेवांच्या मेळ्यात वयाने वडील, म्हणून सर्वांचे काका. त्यांच्यावरचा भीषण प्रसंग आपण कीर्तनातून ऐकत आलो आहोत. विठ्ठलनामात रंगून चिखल तुडवताना रांगते मूल पायाखाली आले आणि त्यांना कळलेही नाही. पुढे विठ्ठलकृपेने मूल परत मिळाले, असे कथा सांगते. मला मात्र मधल्या दिवसांचा विचार सोडत नाही. घरात आक्रोश करणारी आई आणि दुःखाबरोबर अपराधाचेही ओझे वाहणारा बाप!

दुसरी आख्यायिका पारखीची. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटणे घेतले आणि जमलेल्या संतांच्या डोक्यावर एकेक ठोका दिला. बाकीचे शांत राहिले, नामदेव मात्र रागावले. हे मडके कच्चे, असा गोरोबांनी निवाडा दिला. नामदेव दुखावले, पण पुढे औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे जाऊन शिकले. कच्चे ठरणे हा त्यांच्या शिक्षणाचा आरंभ ठरला. गोरोबांनी तेरलाच शके १२३९ मध्ये, म्हणजे इ. स. १३१७ साली देह ठेवला.

आपल्या काळात सिसिली साँडर्स या इंग्लिश बाईंनी आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर होऊन १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारले. वेदना शरीराची, तशीच मनाची, कुटुंबाची आणि श्रद्धेचीही असते, हे त्यांनी दाखवून दिले. १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झाले.

अशा ठिकाणी औषधाची मात्रा पुस्तकातून शिकता येते. पण आपण बरे होऊ का, असे रुग्णाने विचारल्यावर खोटा धीर न देता आणि पळही न काढता त्याच्याजवळ बसणे सरावानेच जमते. नातेवाइकांचा संताप हे दुःखाचेच रूप आहे, हे ओळखावे लागते. रुग्ण गेल्यावर सहकाऱ्यांजवळ मन मोकळे करावे लागते. ही सोय नसेल तर सेवा करणारी माणसे हळूहळू कोरडी होतात किंवा काम सोडून जातात. त्यात नुकसान पुढच्या रुग्णाचे!

कुंभार बाहेरून थापटतो, तेव्हा त्याचा दुसरा हात मडक्याच्या आत असतो. त्या आधारावाचून ठोके दिले तर मडके घडत नाही, त्याला चीर जाते. परिचारिकेवर तर रोजच ठोके पडतात. तिला कच्ची म्हणण्याआधी आत कोणाचा हात आहे, ते पाहावे.