केरूनाना छत्रे : आकड्यांच्या रकान्यांतील आयुष्य

ग्वाल्हेरच्या वैशाखात पारा कोठवर चढला, हे वर्तमानपत्रात पाहण्याची सवय आपणां सर्वांस आहे. असा आकडा पूर्वी कोणी तरी नेमल्या वेळी यंत्रापाशी उभे राहून टिपीत असे, याचा मात्र विसर पडतो. या टिपणात ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्या केरो लक्ष्मण छत्रे यांचे हे स्मरण.

केरूनानांचा जन्म १६ मे १८२४ रोजी अलिबागजवळील नागावचा. आईबापांचे छत्र लवकर हरपल्याने त्यांचे शिक्षण आप्तांकडे मुंबईस झाले. १८४० साली, सोळाव्या वर्षी, प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली ते कुलाब्याच्या वेधशाळेत लागले. चुंबकसूची किती हलली, हवेचा दाब किती, उष्णता किती, हे वेळच्या वेळी वाचून रकान्यांत भरावयाचे. काम कंटाळवाणे खरे. परंतु एकटा आकडा मुका असतो, वर्षानुवर्षांचे रकाने शेजारी ठेवले म्हणजेच तो बोलू लागतो. हुंबोल्ट यांनी १८१७ साली समान उष्णतेची स्थळे रेषांनी जोडून पृथ्वीचे हवामान एका दृष्टिक्षेपात आणले होते. गाउस यांच्या प्रेरणेने देशोदेशींच्या वेधशाळा चुंबकीय वेध एकाच क्षणी घेऊ लागल्या होत्या. कुलाब्याचे रकाने या विशाल पटाचाच एक भाग होते.

सुमारे दहा वर्षांनी नाना पुण्यास अध्यापनासाठी गेले, तरी ही दृष्टी सुटली नाही. सूर्यावरील डागांचा हवामानाशी संबंध काय, याचा त्यांनी शोध घेतला. पंचांगातील ग्रह आणि आकाशातील ग्रह जुळत नाहीत, हे पाहून १८६० साली त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली. त्यांच्या गणितावरील पटवर्धनी पंचांगात संक्रांतीचा दिवसच बदलला. मग ते लोकांच्या पचनी कसे पडावे? फार थोड्यांनी ते स्वीकारले. त्यांचे शिष्य लोकमान्य टिळक यांनी मात्र तो पक्ष पुढे लढविला. १९ मार्च १८८४ रोजी नाना निवर्तले.

सप्टेंबर १८५९ मधील प्रचंड चुंबकीय वादळाची कुलाब्यास डोळ्यांनी वाचून केलेली नोंद शास्त्रज्ञांनी २००३ साली पुन्हा अभ्यासली. नाना तेव्हा तेथे नव्हते. शिस्त मात्र त्यांच्या वेळेपासूनचीच. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून १९०४ साली चुंबकीय वेधशाळा अलिबागेस नेण्यात आली. तेथून नागाव अगदी जवळ आहे.