इंदूरच्या राजाची ड्यूझेनबर्ग

कळमनुरी - शेजारच्या औंढा तालुक्यातील नागनाथ मंदिराच्या जीर्णोद्धाराशी अहिल्याबाई होळकरांचे नाव जोडले जाते. त्यामुळे होळकर म्हटले, की या भागात घाट आणि देवळे आठवतात. याच घराण्यातील महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांचे नाव मात्र जगभरातील मोटारशौकिनांच्या तोंडी आहे.

यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ चा. बावला खून प्रकरणामुळे त्यांचे वडील तुकोजीराव यांना १९२६ मध्ये गादी सोडावी लागली आणि अवघ्या सतराव्या वर्षी राजेपद त्यांच्याकडे आले. ऑक्सफर्डमध्ये शिक्षण घेऊन परतलेल्या या तरुणास १९३० मध्ये पूर्ण अधिकार मिळाले. जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस यांच्याकडून त्यांनी माणिकबाग हा आधुनिक प्रासाद उभारून घेतला. मोटारींबाबतही त्यांची दृष्टी तीच होती. हिरेमाणकांचा झगमगाट नको, यंत्र मात्र अव्वल हवे.

त्यांनी निवडलेली ड्यूझेनबर्ग एसजे अमेरिकी होती. तिचा साज लंडनच्या गर्नी नटिंग यांनी चढविला. रंग नारिंगी आणि काळा. ६.९ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन सुपरचार्जरच्या बळावर ३२० अश्वशक्ती देई, असा कंपनीचा दावा होता. तिच्या प्रतिस्पर्ध्यांत फ्रान्सच्या हिस्पानो-सुइझा जे १२ चे इंजिन ९.४ लिटरचे, पण शक्ती २२० च्या आसपास. जर्मनीची मर्सिडीज ५४० के कॉम्प्रेसर चालू असतानाच १८० पर्यंत पोचे. इटलीच्या अल्फा रोमिओ ८सी २९००बी चे इंजिन जेमतेम २.९ लिटरचे, तरीही शक्ती १८०.

मग श्रेष्ठ कोण? सरळ रस्त्यावर ड्यूझेनबर्गला तोड नव्हती. १९३५ मध्ये अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर एसजेच्या खास आवृत्तीने चोवीस तास ताशी सुमारे २१८ किलोमीटरची सरासरी राखली. परंतु गाडीचे वजन दोन टनांहून अधिक. अल्फाचे त्याच्या जवळपास निम्मे. म्हणजे एका टनामागे पडणारी शक्ती दोहोंत जवळजवळ सारखीच. वळणावळणाच्या वाटेवर हलकी गाडी सरस ठरणार, हे उघड आहे. मिल्ले मिल्या ही इटलीतील खडतर शर्यत १९३६ ते १९३८ अशी सलग तीन वर्षे अल्फाच्या ८सी २९०० मालिकेने जिंकली. ड्यूझेनबर्ग कंपनी तर १९३७ मध्येच बंद पडली.

त्याच वर्षी कागलच्या घाटगे घराण्यातील महाराणी संयोगिताराजे यांचे स्वित्झर्लंडमध्ये निधन झाले. कन्या उषाराजे तेव्हा लहान होत्या. वेगाची हौस पुरविणाऱ्या ऐश्वर्याला हा घाव टाळता आला नाही. पुढे १९४२ मध्ये त्यांनी हिंदुस्थानच्या प्रश्नी मध्यस्थी करावी, असे खुले पत्र अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना लिहिले. त्यांच्याच काळात होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि ते उपराजप्रमुख बनले. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

राज्य गेले, कंपनीही गेली. गाडी मात्र परदेशी संग्राहकांनी जपली आणि आजही ती इंदूरच्या महाराजांची म्हणूनच ओळखली जाते. अहिल्याबाईंची ओळख लोकांसाठी बांधलेल्या घाटांतून उरली. यशवंतरावांची एका यंत्रातून. त्यांच्या पत्राचे आणि क्रिकेटप्रेमाचे स्मरणही व्हायला हवे.