एकोणचाळीस तासांचे आयुष्य

महाड : पोलादपूरच्या डोंगरवस्त्यांवर एखाद्या गर्भवतीला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या, की घाट उतरून रुग्णालय गाठेपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जन्मताच श्वास घेता येईल का, हीच खरी चिंता असते. ही चिंता १९६३ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या घरानेही अनुभवली होती.

जॉन आणि जॅकलिन केनेडी यांचा पुत्र पॅट्रिक ७ ऑगस्ट १९६३ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ओटिस हवाई तळावरील रुग्णालयात शस्त्रक्रियेद्वारे जन्मला. साडेपाच आठवडे आधी आलेल्या या बाळाचे वजन जेमतेम २.१ किलो होते. त्याला धाप लागल्याने रुग्णवाहिकेतून बोस्टनच्या बालरुग्णालयात हलविण्यात आले. प्राणवायूचा दाब वाढविलेल्या कक्षात ठेवूनही उपयोग झाला नाही. ९ ऑगस्टच्या पहाटे, अवघ्या ३९ तासांनी त्याची प्राणज्योत मालवली. ओटिस येथेच उपचार घेत असलेल्या आईला अंत्यविधीलाही जाता आले नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पित्याची हत्या झाली आणि डिसेंबरमध्ये पॅट्रिकचे दफनस्थान आर्लिंग्टन येथे पित्याशेजारी हलविण्यात आले.

फुप्फुसातील वायुकोशांना आतून एका स्निग्ध द्रवाचा पातळ थर असतो. तो नसेल, तर श्वास सोडताच वायुकोश मिटतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हा थर पुरेसा नसतो, हे डॉ. मेरी एलेन एव्हरी आणि डॉ. जेरे मीड यांनी त्याच बोस्टनमध्ये १९५९ साली दाखवून दिले होते. कारण ठाऊक होते. औषध मात्र नव्हते.

ते आले १९८० मध्ये. जपानचे डॉ. तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसांपासून बनविलेला द्रव नळीवाटे दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडला आणि त्यांचा श्वास सुधारला. अमेरिकेत अशा औषधाला १९९० मध्ये मान्यता मिळाली.

या उपचारासाठी नवजात अतिदक्षता कक्ष आणि कुशल हात लागतात. मात्र प्रसूतीपूर्वी आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात, हे न्यूझीलंडमधील संशोधनाने १९७२ मध्येच सिद्ध केले होते. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, २४ ते ३४ आठवड्यांच्या गर्भवतीला मुदतपूर्व कळा आल्यास पुढे पाठविण्यापूर्वी पहिली मात्रा उपकेंद्रातील परिचारिकाही देऊ शकते. जुलै २०२१ च्या महापुरात महाडची वाट बंद झाली होती. अशा मुलखात या एका इंजेक्शनचे मोल मोठे आहे. अध्यक्षांच्या पुत्राला जे मिळाले नाही, ते वाडीवरच्या बाळाला मिळू शकते. त्यासाठी पहिली कळ येताच उपकेंद्र गाठायला हवे.