कुत्र्याची लाळ आणि लुई पाश्चर

वसईच्या वाडीत अनवाणी काम करताना पाय चिरतो. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मासळी वाळत घालताना बोटात काटा घुसतो. विरार-नालासोपाऱ्याच्या गल्ल्यांत खेळताना मुलांचे गुडघे फुटतात. अशा वेळी ओळखीचा कुत्रा जवळ येऊन जखम चाटू लागतो आणि घरातले एखादे जाणते माणूस सांगते, चाटू दे, त्याच्या जिभेत औषध असते. हा समज फार जुना आहे. प्राचीन ग्रीसमधल्या अ‍ॅस्क्लेपियस या आरोग्यदेवतेच्या मंदिरात कुत्रे रुग्णांच्या जखमा चाटत. बायबलमधल्या लाजरसाचे फोडही कुत्र्यांनीच चाटले. पण लाळेत औषधाखेरीज आणखी काय असते, याचा माग ज्या माणसाने काढला, त्याची गोष्ट या समजापेक्षा महत्त्वाची आहे.

लुई पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधल्या डोल या गावी झाला. वडील कातडी कमावण्याचा व्यवसाय करत. पुढे हे कुटुंब आर्ब्वा या गावी राहायला गेले. लुई आठ वर्षांचे असताना, १८३१ मध्ये, त्या परिसरात एका पिसाळलेल्या लांडग्याने अनेकांना चावे घेतले. तेव्हा त्यावर उपाय एकच होता. लोहाराच्या भट्टीत सळई लाल करून जखमेवर डागणी द्यायची. एवढे सोसूनही काही जण रेबीजने गेले. ही आठवण पाश्चर यांच्या मनातून कधीच गेली नाही.

पाश्चर डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते. दारू का आंबते, दूध का नासते, रेशमाचे किडे का मरतात, अशा प्रश्नांतून ते सूक्ष्मजीवांपर्यंत पोहोचले. संसाराने त्यांना फार सोसायला लावले. पाच मुलांपैकी तीन मुली लहानपणीच गेल्या. त्यातल्या दोघी विषमज्वराने. १८६८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांना पक्षाघात झाला आणि डावी बाजू कायमची अधू झाली. तरी प्रयोगशाळा सुटली नाही. कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे जंतू जुने झाले की दुबळे होतात आणि ते टोचलेल्या कोंबड्यांना पुढे तो रोग होत नाही, हे त्यांना आढळले. १८८१ मध्ये मेंढ्यांवर काळपुळीच्या लशीचा जाहीर प्रयोगही यशस्वी झाला.

रेबीजकडे ते वळले १८८० मध्ये. त्या डिसेंबरमध्ये पॅरिसच्या एका रुग्णालयात पाच वर्षांचे एक मूल रेबीजने दगावले. पाश्चर यांनी त्याची लाळ मिळवून सशांना टोचली. ससे दीड दिवसात मेले. रेबीजचा जंतू सापडला, असे कोणालाही वाटले असते. पाश्चर यांनी घाई केली नाही. त्यांनी इतर आजारांनी गेलेल्या मुलांची आणि नंतर निरोगी माणसांचीही लाळ तपासली. तोच जंतू तिथेही होता. पुढे तो न्यूमोनियाचा जंतू म्हणून ओळखला गेला. रेबीजचा शोध तिथे लागला नाही, पण एक गोष्ट कळली. धडधाकट दिसणाऱ्या तोंडातही जीव घेऊ शकणारे जंतू सुखाने नांदतात.

रेबीजचा विषाणू त्या काळच्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नव्हता. लाळेत तो इतर जंतूंमध्ये मिसळलेला असल्याने पाश्चर आणि त्यांचे सहकारी एमिल रू यांनी मेंदू आणि मज्जारज्जूकडे मोर्चा वळवला. सशांचे रोगट मज्जारज्जू कोरड्या हवेत टांगून ठेवले की त्यातले विष दिवसागणिक क्षीण होत जाते, हे दिसले. त्यातून लस तयार झाली.

६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर हा नऊ वर्षांचा मुलगा आईसोबत पॅरिसला आला. दोन दिवसांपूर्वी त्याला पिसाळलेल्या कुत्र्याने ठिकठिकाणी चावा घेतला होता. माणसावर ही लस अशी कधी वापरलेली नव्हती. पाश्चर डॉक्टर नसल्याने टोचण्याचे काम डॉ. ग्रांशे यांनी केले. तेरा इंजेक्शने झाली आणि जोसेफ वाचला. पुढे त्याने पाश्चर संस्थेतच रखवालदाराची नोकरी केली.

पण त्याच वर्षाच्या अखेरीस लुईझ पेलेतिये ही दहा वर्षांची मुलगी आली, ती चावा घेतल्यानंतर तब्बल ३७ दिवसांनी. जखमा डोक्याला होत्या. उशीर झाला आहे हे पाश्चर जाणून होते. तरी त्यांनी तिला परत पाठवले नाही. ती वाचली नाही. १८८६ मध्ये रशियातल्या स्मोलेन्स्कहून लांडग्याने चावलेली १९ माणसे पॅरिसला आली, त्यातली १६ जगली. आर्ब्वाच्या लोहाराच्या भट्टीपासून जग इथवर आले होते.

१८८८ मध्ये पॅरिसला पाश्चर संस्था उभी राहिली. तिथे काम केलेले वाल्डेमार हाफकिन पुढे मुंबईत आले आणि त्यांनी प्लेगची लस तयार केली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने आहे. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर यांचे निधन झाले. हाच दिवस आता जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. कुत्र्या-मांजरांच्या तोंडात नेहमी आढळणाऱ्या जंतूंच्या एका गटालाही त्यांचेच नाव आहे, पाश्चरेला. चाव्यानंतर जखम काही तासांत लाल होऊन सुजते, ठणकते, ती पुष्कळदा याच जंतूंमुळे.

मग जिभेतल्या औषधाचे काय? लाळेत जंतूंना मारणारी काही द्रव्ये असतात, हे खरे. कुत्र्याची लाळ काही जंतूंना थोडीफार मारते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण त्याच लाळेतून इतर अनेक जंतू जखमेत उतरतात. कुत्र्याने स्वतःची जखमही फार चाटली तर ती चिघळते. म्हणून तर पशुवैद्य त्याच्या गळ्यात शंकूसारखी कॉलर घालतात. मधुमेही, प्लीहा काढलेले किंवा दारूचे व्यसन असलेले रुग्ण यांच्यात असा संसर्ग रक्तात पसरून जिवावर बेतू शकतो.

रेबीजची गोष्ट त्याहून गंभीर. लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो. शिवाय कुत्रा आजारी दिसण्याच्या काही दिवस आधीपासून विषाणू त्याच्या लाळेत असू शकतो. म्हणूनच उघड्या जखमेवर कुत्र्याने चाटणे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात खोल चाव्याइतकेच, म्हणजे तिसऱ्या श्रेणीचे मानले जाते.

अशा वेळी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी जवळचे सरकारी रुग्णालय किंवा आरोग्य केंद्र गाठावे. लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते, धनुर्वाताचे इंजेक्शनही लागू शकते. पोटात चौदा सुया टोचण्याचा काळ केव्हाच मागे पडला. आता लस दंडात देतात. मात्र ठरलेले सगळे डोस पूर्ण करायला हवेत. पाळलेला कुत्रा असेल तर त्याची लस दरवर्षी वेळेवर द्यावी.

कुत्र्यावर माया जरूर करावी. जखम मात्र त्याच्या जिभेपासून झाकून ठेवावी. जोसेफ दोन दिवसांत पोहोचला, लुईझ ३७ दिवसांनी. दोघांच्या नशिबात फरक पडला, त्यात या दिवसांचा वाटा मोठा होता.