लार्बी बिन बारेक : दोन देशांनी डोक्यावर घेतलेला, पण एकटाच गेलेला फुटबॉलपटू

२०२२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कतारला झालेला फुटबॉल वर्ल्ड कप आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. मोरोक्कोने आधी स्पेनला घरी पाठवलं, मग पोर्तुगालला, आणि सेमीफायनलमध्ये फ्रान्सकडून हार पत्करली. वर्ल्ड कपच्या सेमीफायनलपर्यंत पोहोचणारा तो पहिला आफ्रिकी आणि पहिला अरब संघ. त्या दिवसांत गल्लीगल्लीतल्या मुलांना हकीमी, झियेश, बुनू ही नावं पाठ झाली होती.

पण याच स्पेनमध्ये आणि याच फ्रान्समध्ये सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी मोरोक्कोचा एक फॉरवर्ड मैदानात उतरला की स्टेडियम भरायचं, हे फार थोड्यांना माहीत आहे. त्यांचं नाव लार्बी बिन बारेक. युरोपच्या कागदपत्रांत नाव असं लिहिलं गेलं. मूळ अरबी नाव बघितलं तर ते अल-अरबी बिन मुबारक. फ्रेंच कारकुनांच्या लेखणीतून जाताना त्याचं लार्बी बेन बारेक झालं, आणि जगाने तेच उचललं.

कासाब्लांकाचं अनाथ पोर

लार्बी यांचा जन्म कासाब्लांकाचा. अरबीत या शहराला अद-दार अल-बैदा म्हणतात, म्हणजे पांढरं घर. जन्माचं साल बहुतेक ठिकाणी १९१७ दिलेलं असतं, काही ठिकाणी १९१४. गरिबाच्या घरात मूल कधी जन्मलं याची नोंद तेव्हा कोण नीट ठेवत होतं! आपल्याकडेही आजी-आजोबांच्या जन्मतारखा अशाच असतात ना, बहुधा शाळेत गुरुजींनी अंदाजाने टाकलेल्या.

१९१२ पासून मोरोक्को फ्रान्सच्या ताब्यात होता, उत्तरेचा पट्टा स्पेनकडे. सुलतान नावाला होता, हुकूम परक्यांचा चालायचा. लार्बी लहान असतानाच आई-वडिलांचं छत्र गेलं. तालीम घेण्याच्या वयात हाताला काम लागलं. सुतारकाम केलं, पेट्रोल पंपावर नोकरी केली. वेळ मिळेल तेव्हा अनवाणी पायांनी मोकळ्या जागेत चेंडू. आधी एका छोट्या क्लबकडून खेळले, मग यू. एस. मारोकेन या कासाब्लांकातल्या मोठ्या क्लबने त्यांना घेतलं.

उंचपुरे, अंगाने लवचिक, दोन्ही पायांनी खेळणारे आणि हेडिंगमध्ये पक्के. चेंडू पायाला आला की तो तिथेच थांबायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर ते नुसते गोल करणारे स्ट्रायकर नव्हते. थोडं मागे राहून खेळ रचायचा आणि संधी दिसली की स्वतः पुढे घुसायचं, अशी दोन्ही कामं ते करत.

समुद्रापलीकडे मार्सेलला

फ्रान्समध्ये १९३२ पासून फुटबॉल हा पगारी पेशा झाला होता. क्लबांना चांगले खेळाडू हवे होते आणि त्यांची नजर उत्तर आफ्रिकेकडे वळली. १९३८ मध्ये ऑलिंपिक मार्सेल या क्लबने लार्बी यांना करारबद्ध केलं. मार्सेल हे बंदराचं शहर, समुद्राच्या या बाजूची माणसं तिथे आधीपासून होती. तरी परकी भाषा, परका मुलूख आणि वय अवघं वीस-एकवीस.

पहिल्याच सीझनमध्ये त्यांनी लीगमध्ये दहा गोल केले आणि मार्सेल दुसऱ्या क्रमांकावर आलं. त्यांच्या खेळाची इतकी चर्चा झाली की काही महिन्यांतच, ४ डिसेंबर १९३८ रोजी, त्यांना फ्रान्सच्या राष्ट्रीय संघात घेतलं. मोरोक्कोला स्वतःचा मान्यताप्राप्त संघच नव्हता. खेळायचं तर राज्यकर्त्यांच्या जर्सीत.

सामना होता इटलीतल्या नेपल्सला. इटली तेव्हा जगज्जेता होता आणि मुसोलिनीची सत्ता होती. त्याच वर्षी तिथे वंशभेदाचे कायदे आले होते. मैदानावर काळ्या रंगाचा हा तरुण दिसताच प्रेक्षकांनी शिट्ट्या आणि हुर्यो सुरू केली. असं सांगितलं जातं की फ्रान्सचं राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा लार्बी मान ताठ करून सगळ्यांत मोठ्या आवाजात गात होते. सामना फ्रान्सने एका गोलने गमावला, पण या मुलाची हिंमत लोकांच्या लक्षात राहिली. याच सुमारास त्यांना ब्लॅक पर्ल, म्हणजे काळा मोती, हे नाव पडलं. पुढे हेच नाव पेलेला मिळालं. पण पेलेचा जन्मच १९४० चा.

युद्धाने खाल्लेली सहा वर्षं

सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असतानाच सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध पेटलं. लार्बी कासाब्लांकाला परतले आणि जुन्या क्लबकडून खेळू लागले. १९४२ मध्ये अमेरिकी सैन्य त्याच शहराच्या किनाऱ्यावर उतरलं. युरोपचं फुटबॉल विस्कळीत झालं होतं.

फुटबॉलपटूचं आयुष्य तसं छोटं. बावीस ते अठ्ठावीस हा त्याचा खरा बहर. लार्बी यांची नेमकी हीच वर्षं युद्धात गेली. अनेकांचं करिअर इथेच संपलं. त्यांनी मात्र सराव सोडला नाही.

हेरेरा, पॅरिस आणि माद्रिद

१९४५ मध्ये युद्ध संपलं आणि पॅरिसच्या स्टाद फ्रांसे या क्लबने त्यांना बोलावलं. तिथले प्रशिक्षक होते हेलेनिओ हेरेरा. हेच हेरेरा पुढे इटलीच्या इंटर मिलानला घेऊन युरोप जिंकणार होते. योगायोग असा की जन्माने अर्जेंटिनाचे असलेले हेरेरा लहानाचे मोठे झाले ते कासाब्लांकातच, आणि फुटबॉलही तिथेच शिकले. एकाच शहराच्या धुळीत खेळलेली ही दोन माणसं पॅरिसमध्ये एकत्र आली. हेरेरांनी या खेळाडूची कदर केली. त्यांना मोकळेपणाने खेळू दिलं. क्लब दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत आला आणि पॅरिसचे लोक लार्बींना बघायला तिकीट काढू लागले.

१९४८ मध्ये स्पेनच्या ॲटलेटिको माद्रिदने त्यांना विकत घेतलं. रक्कम होती १ कोटी ७० लाख फ्रँक, त्या काळात डोळे विस्फारायला लावणारी. फ्रान्समध्ये हळहळ झाली. एका पत्रकाराने तर लिहिलं की हवी तर पॅरिसची विजयकमान विका, आयफेल टॉवर विका, पण हा माणूस विकू नका. ज्याला नेपल्समध्ये रंगावरून हिणवलं गेलं, त्याच्यासाठी दहा वर्षांनी पॅरिस असं बोलत होतं.

माद्रिदला जाणं सोपं नव्हतं. १९३६ ते १९३९ च्या स्पेनच्या यादवी युद्धात जनरल फ्रँकोने मोरोक्कोतून हजारो सैनिक आणून लढवले होते. त्यामुळे मोरोक्कोचा माणूस म्हटलं की माद्रिदच्या अनेकांना ते युद्धाचे दिवस आठवायचे. अशा शहरात एक मोरोक्कन येतो आणि काही महिन्यांत लोकांचा लाडका होतो. जे काम भाषणांनी होत नाही ते कधी कधी मेहनतीने आणि चांगल्या वागणुकीने होतं.

पुढच्याच वर्षी हेरेराही ॲटलेटिकोला आले. आता जोडी पुन्हा जमली. ॲटलेटिकोची पुढची फळी त्या काळी काचेची फळी म्हणून ओळखली जायची. हुंकोसा, बिन बारेक, पेरेझ पाया, स्वीडनचा कार्लसन आणि एस्कुदेरो असे पाच जण. चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे अगदी सहज सरकायचा. १९४९-५० आणि १९५०-५१ असे लागोपाठ दोन वर्षं ॲटलेटिकोने स्पेनची लीग जिंकली. त्यानंतर पुढची लीग जिंकायला या क्लबला १९६६ उजाडावं लागलं, यावरून त्या संघाची ताकद कळते. लार्बी तिथे पाच वर्षं राहिले, लीगचे शंभराहून अधिक सामने खेळले आणि पन्नासहून अधिक गोल केले. स्पेनच्या चाहत्यांनी त्यांच्या पायाला थेट ईश्वराचा पाय म्हटलं. चाहत्यांची भाषा अशीच अतिशयोक्तीची असते, पण प्रेम खरं होतं.

भूकंप आणि शेवटची हाक

१९५३ मध्ये ते पुन्हा मार्सेलला आले. वय पस्तिशीच्या पुढे. लोकांना वाटलं, आता हे निवृत्तीपुरते आले. पण १९५४ मध्ये मार्सेल फ्रेंच कपच्या फायनलला पोहोचलं. नीस संघाकडून १-२ अशी हार झाली, तरी म्हातारा म्हणून कोणी त्यांना बाजूला काढू शकलं नाही.

त्याच वर्षी ९ सप्टेंबरला अल्जीरियातल्या ऑर्लेआँव्हील शहरात भयंकर भूकंप झाला. हजाराहून अधिक माणसं दगावली. आपदग्रस्तांच्या मदतीसाठी ७ ऑक्टोबरला पॅरिसमध्ये एक सामना ठेवण्यात आला. एका बाजूला फ्रान्सचा राष्ट्रीय संघ, दुसऱ्या बाजूला मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियाच्या खेळाडूंचा उत्तर आफ्रिका संघ. कर्णधार लार्बी बिन बारेक.

त्या दिवसांचा माहोल लक्षात घ्या. मोरोक्कोचे सुलतान मोहम्मद पाचवे यांना फ्रेंचांनी वर्षभरापूर्वीच देशाबाहेर काढलं होतं. अल्जीरियाचं स्वातंत्र्ययुद्ध तीन-साडेतीन आठवड्यांत सुरू होणार होतं. अशा वेळी पॅरिसच्याच मैदानात, आपल्या माणसांच्या मदतीसाठी, वसाहतीतल्या मुलांनी राज्यकर्त्यांच्या संघाला ३-२ ने हरवलं. आयुष्यभर लार्बी दुसऱ्यांच्या जर्सीत खेळले होते. त्या एका संध्याकाळी ते आपल्या लोकांचे कर्णधार होते.

त्यांचा खेळ बघून फ्रान्सच्या निवड समितीलाही राहवलं नाही. सहा वर्षांनी त्यांना पुन्हा राष्ट्रीय संघात बोलावलं. १६ ऑक्टोबर १९५४, हॅनोव्हर, समोर नुकताच जगज्जेता झालेला पश्चिम जर्मनी. पहिल्या हाफमध्येच दुखापतीमुळे लार्बींना बाहेर यावं लागलं, पण फ्रान्स ३-१ ने जिंकला. पहिल्या आणि या शेवटच्या सामन्यात १५ वर्षं १० महिन्यांचं अंतर. फ्रान्सच्या पुरुष संघात इतकी लांब कारकीर्द दुसऱ्या कुणाची नाही. आणि एवढ्या काळात सामने किती? फक्त सतरा. अर्धी वर्षं युद्धाने नेली आणि उरलेल्यांत निवड समिती त्यांना विसरली.

वतनला परत

मार्सेलनंतर ते अल्जीरियाच्या बेल-अब्बेस शहरातल्या क्लबकडून थोडं खेळले. मार्च १९५६ मध्ये मोरोक्को स्वतंत्र झाला. ज्या देशाचा झेंडा लावून खेळण्याची संधी त्यांना ऐन उमेदीत कधी मिळाली नाही, त्या देशाच्या नव्या संघाला सुरुवातीच्या काळात तयार करण्याचं काम त्यांनी केलं.

पण हळूहळू माणसं विसरली. टीव्हीचा जमाना आला. पेले, युसेबिओ यांचे गोल जगाने पडद्यावर बघितले, लार्बींचे बघायला चित्रफितीही फारशा नाहीत. पेलेने स्वतः म्हटल्याचं सांगितलं जातं की मी जर राजा असेन तर बिन बारेक माझ्याही वरचे. पण अशा स्तुतीने म्हातारपणाचा एकटेपणा जात नाही.

१६ सप्टेंबर १९९२ रोजी कासाब्लांकातल्या घरी त्यांचं निधन झालं. जवळ कोणी नव्हतं. ते गेल्याचं लोकांना कळलं तेही काही दिवसांनी. ज्यांच्यासाठी हजारो लोक एका सुरात ओरडायचे, त्यांचं दार वाजवायला कोणी नव्हतं. १९९८ मध्ये फिफाने त्यांना मरणोत्तर ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान दिला. कासाब्लांकातल्या एका स्टेडियमला त्यांचं नाव आहे. सगळं झालं, पण ते गेल्यानंतर.

वाचकहो, आपल्या मुलांना ही कहाणी जरूर सांगा. अनाथ असूनही, पेट्रोल पंपावर काम करूनही माणूस कुठवर जाऊ शकतो हे त्यांना कळेल. हुर्यो झाली तर उत्तर शिवीने नाही, खेळाने द्यायचं, हेही कळेल. पण मोठ्यांसाठी यात वेगळा धडा आहे. प्रत्येक मोहल्ल्यात एखादे जुने खेळाडू, एखादे निवृत्त मास्तर, एखादे कारागीर असतात, ज्यांनी आपल्या काळात नाव काढलेलं असतं आणि आता कोपऱ्यातल्या खोलीत बसून असतात. त्यांच्या नावाची कमान आपण ते गेल्यावर उभारणार की आज संध्याकाळी त्यांच्या दारावर थाप देऊन दोन घटका बसणार, एवढाच प्रश्न आहे.