बिअर हॉप्समुळे टिकते, हे साडेआठशे वर्षांपूर्वी एका ननने लिहून ठेवलं होतं

शनिवार पेठेतल्या गच्चीवर कुंडीत तुळस येते, गवती चहा येतो, एखाद्या जुन्या वाड्यात कढीपत्त्याचं झाडही असतं. पण बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची वेल तिथे लावली तर? वेल कदाचित वाढेल, पण फुलायला नखरे करेल. तिला थंडगार हिवाळा लागतो आणि उन्हाळ्यात १५-१६ तासांचा दिवस. पुण्यातला सगळ्यात मोठा दिवसही १३ तासांच्या थोडाच पुढे जातो. शिवाय विनापरवाना घरी बिअर बनवणं महाराष्ट्रात गुन्हा आहे, ते वेगळंच.

ही वेल थंड मुलखातली. तिच्या गुणांबद्दल लिहून ठेवणाऱ्या सुरुवातीच्या लोकांमध्ये एक नाव हमखास येतं. बिंगेनची हिल्डेगार्ड.

कोण होती ही हिल्डेगार्ड?

जन्म १०९८ चा, आजच्या जर्मनीत, ऱ्हाइन नदीच्या परिसरात. परंपरा सांगते की ती आईबापांचं दहावं मूल. उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा, तसं हे दहावं मूलही देवाला वाहिलं गेलं. १११२ मध्ये डिसिबोडेनबर्गच्या मठात युटा नावाच्या साध्वीसोबत तिला बंद खोल्यांमध्ये ठेवण्यात आलं. बाहेरच्या जगाशी संबंध जवळपास संपला.

लहानपणापासून तिला दृष्टान्त व्हायचे, पण ती गप्प राहिली. ११३६ मध्ये युटा वारली आणि तिथल्या नन्सची प्रमुख म्हणून हिल्डेगार्डची निवड झाली. चाळिशी ओलांडल्यावर तिने दृष्टान्त लिहायला घेतले. बाईने धर्मावर बोलायचं नाही, असा तो काळ. पण तिचं लिखाण थेट पोप तिसरे युजीन यांच्यापर्यंत गेलं आणि त्यांनी ते पुढे लिहायला संमती दिली.

साधारण याच शतकात आपल्या शेजारच्या कर्नाटकात अक्कमहादेवी वचनं रचत होती.

मठ सोडायला मठाचाच विरोध

हिल्डेगार्डला नन्ससाठी स्वतंत्र मठ हवा होता. मठाधिपती तयार नव्हता. ती गेली तर तिची कीर्ती जाणार, आणि नन्सच्या घरांतून आलेल्या जमिनींचाही प्रश्न होता. मग ती अंथरुणाला खिळली. तिला हलवणंही कुणाला जमेना, तेव्हा मठाधिपतीने हात टेकले. ११५० च्या सुमारास ती जवळपास २० नन्सना घेऊन बिंगेनजवळ रूपर्ट्सबर्गला आली.

आणि हॉप्स?

याच सुमारास तिने वनस्पती, झाडं, दगड, मासे, पक्षी, प्राणी आणि धातूंचे गुणधर्म लिहून काढले. हा ग्रंथ पुढे 'फिजिका' नावाने ओळखला गेला. युरोपातला आजीबाईचा बटवाच म्हणा. त्यात हॉप्सची नोंद आहे. ही वनस्पती माणसाच्या मनात उदासी वाढवते, पण तिच्या कडवटपणामुळे पेय खराब होत नाही, असा तिचा निष्कर्ष. म्हणजे हॉप्स तिला फार आवडत होते असंही नाही. तरी गुण आणि दोष दोन्ही तिने लिहिले.

सोशल मीडियावर तिला हॉप्सचा शोध लावणारी म्हटलं जातं, ते खरं नाही. फ्रान्समधल्या कॉर्बीच्या मठात ८२२ मध्येच बिअरसाठी हॉप्स गोळा केल्याची नोंद आहे. पण तिच्या काळात बऱ्याच ठिकाणी बिअरमध्ये इतर झाडपाल्याचं मिश्रण पडायचं. हॉप्स नेमकं काय करतात, हे तिने स्पष्ट मांडलं.

आज त्यामागचं कारण माहीत आहे. मादी वेलीच्या फुलोऱ्यात पिवळी, चिकट भुकटी असते. ती उकळली की त्यातली आम्लं कडू होतात आणि पेय आंबवून नासवणाऱ्या अनेक जिवाणूंची वाढ रोखतात. टिकाऊ बिअर लांब पाठवता येऊ लागली, धंदा वाढला. १५१६ मध्ये बव्हेरियाने नियमच केला की बिअरमध्ये फक्त जव, पाणी आणि हॉप्स.

ऐंशीव्या वर्षी गाणं बंद

हिल्डेगार्डने ७० च्या आसपास गीतरचना केल्या. मठाचा दिवस गाण्यावर चालायचा. आणि ११७८ मध्ये तेच बंद झालं.

तिने एका सरदाराला मठाच्या आवारात पुरू दिलं होतं. तो कधीकाळी बहिष्कृत होता. माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांनी हुकूम दिला, प्रेत उकरून बाहेर काढा. मरण्यापूर्वी त्याचा बहिष्कार उठला होता, असं सांगत तिने नकार दिला. कबर ओळखू येऊ नये म्हणून तिने खुणाच पुसल्या, असंही सांगतात. शिक्षा म्हणून मठातलं गायन आणि प्रसादविधी थांबवण्यात आले. ती पत्रं लिहून भांडत राहिली. ११७९ मध्ये बंदी उठली. मठात पुन्हा गाणं सुरू झालं. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला ती गेली.

चर्चने तिला अधिकृतपणे संत आणि धर्माचार्य हा मान दिला तो २०१२ मध्ये. तोवर ८३३ वर्षं उलटली होती. तिने लिहिलेली कडू वेल त्याआधीच जगभरातल्या बिअरमध्ये पोहोचली होती.