नगरच्या किल्ल्यातील तरुण छत्रपती

राजर्षी शाहू महाराज कोल्हापूरच्या गादीवर दत्तक म्हणून आले, हे आपण शाळेतच शिकतो. परंतु ती गादी रिकामी कशी झाली, हा प्रश्न परीक्षेत येत नाही आणि म्हणून आपणही तो विचारीत नाही. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडिलांना सहीपुरते लिहिता येते, आईला तेवढेही नाही. दरवर्षी प्रवेशाच्या वेळी मी शाहू महाराजांच्या नावाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो. त्या नावामागचा इतिहास पाहावा, म्हणून वाचू लागलो आणि वाचता वाचता एका तरुणापाशी येऊन थांबलो. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज हे त्याचे नाव. तो गेला तेव्हा वीस वर्षांचा होता. मी आज एकोणीस वर्षांचा आहे.

त्याचे मूळ नाव नारायणराव भोसले. जन्म १८६३ सालच्या एप्रिल महिन्यातला. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर जणू संकटांची मालिकाच चालू होती. दुसरे राजाराम महाराज विलायतेचा प्रवास करून परत येत असता ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी वारले. त्यांचेही वय अवघे वीस होते. परक्या देशात आर्नो नदीच्या काठी त्यांना अग्नी दिला गेला. तेथे त्यांचे स्मारक आजही उभे आहे. त्यांच्या मागे १८७१ साली आठ वर्षांच्या नारायणरावांना दत्तक घेऊन शिवाजी हे नाव दिले गेले. खेळण्याच्या वयात त्या मुलाच्या मस्तकावर थोरल्या छत्रपतींच्या नावाचे ओझे आले. आईबापांचे घर सुटले, जन्माचे नावही सुटले.

संस्थानचा खरा कारभार इंग्रज सरकारच्या देखरेखीखाली चाले. बालराजाचे शिक्षण, सोबत, प्रवास, सारे काही तेच ठरवीत. १८७७ साली दिल्लीस मोठा दरबार भरला. त्या वर्षी या चौदा वर्षांच्या महाराजांना सरकारने मानाचा किताबही दिला. परंतु पुढच्या चार-पाच वर्षांतच महाराजांचे डोके ठिकाणावर नाही, अशी चर्चा सुरू झाली. सरकारी मत असे की महाराजांना वेडाचा विकार जडला आहे. लोकांचे मत असे की धडधाकट मुलाला छळून वेडा ठरविण्यात येत आहे. कोल्हापुरात आणि पुण्यात दुसरा विषय नव्हता.

या वादात उडी घेतली ती दोन तरुण संपादकांनी. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे १८८१ च्या जानेवारीत निघाली होती. टिळक आणि आगरकर दोघेही पंचविशीच्या आसपासचे. त्यांनी कोल्हापूरचे कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे यांच्यावर महाराजांच्या छळाचा उघड आरोप केला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. ज्या पत्रांच्या आधारावर हे आरोप केले होते ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले.

मित्रहो, या खटल्यात विद्यार्थ्यांचाही वाटा होता. खटल्याच्या खर्चासाठी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी नाटके करून पैसा उभा केला. जोतीराव फुल्यांच्या शब्दावरून सत्यशोधक समाजाचे रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला. मतभेद बाजूला ठेवून माणसे एका तरुण राजासाठी एकत्र आली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तुरुंगात असताना आगरकरांनी हाती घेतलेले काम कोणते, तर शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’चे भाषांतर. ते पुढे १८८३ साली ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. वेडा की वेड पांघरलेला, असा ज्याच्याविषयी सर्वांना प्रश्न पडतो, त्या राजपुत्राचे ते नाटक आहे. आगरकरांना लिहिताना कोल्हापूरच्या राजपुत्राची आठवण झाली नसेल, असे मला तरी वाटत नाही.

संपादक सुटले. महाराज मात्र सुटले नाहीत. १८८२ साली कागलचे जयसिंगराव घाटगे यांना संस्थानचे रीजंट नेमण्यात आले आणि महाराजांना कोल्हापूरपासून दूर अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्यात ठेवण्यात आले. भोवती खंदक, दारावर पहारा, देखरेखीला गोरे शिपाई. आपली भाषा बोलणारे, आपले म्हणावे असे माणूस जवळ नसताना चांगल्या माणसाचेही मन किती दिवस शाबूत राहील? हॉस्टेलवर आलो तेव्हा पहिले आठ दिवस मला घास गोड लागत नव्हता, आणि माझ्या खोलीला तर बाहेरून कडी नव्हती.

२५ डिसेंबर १८८३. गोऱ्या साहेबांच्या नाताळाचा दिवस. त्या दिवशी ग्रीन नावाच्या शिपायाशी महाराजांची झटापट झाली आणि तीत महाराजांचा अंत झाला. शिपायाने मारले की पडल्यामुळे इजा झाली, यावर त्या वेळी वाद झाला आणि तो नंतरही चालू राहिला. लोकांनी तर हा खूनच मानला.

मी या रहस्याकडे वेगळ्या बाजूने पाहतो. महाराज खरोखर आजारी होते की नव्हते, यावर पुष्कळ शाई खर्च झाली. परंतु समजा, ते आजारी होते. मग आजारी माणसाला खंदकाच्या आत शिपायाच्या ताब्यात ठेवणे हा कोणता उपचार? आणि समजा, ते आजारी नव्हते. मग तर बोलायलाच नको. दोन्ही बाजूंनी हिशेब एकाच ठिकाणी येतो. ज्यांच्या ताब्यात तो मुलगा होता, त्यांच्यावर त्याच्या जिवाची जबाबदारी होती.

त्या काळी वेड्यांसाठी कायदा नव्हता असे नाही. १८५८ साली इंग्रज सरकारने याविषयी कायदे केले होते आणि साध्या माणसाची मालमत्ता दुसऱ्याच्या हाती देण्याआधी दिवाणी न्यायालयात चौकशी करावी लागे. आपल्या विदर्भात नागपूरचे वेड्यांचे इस्पितळ १८६४ चे आहे. छत्रपतींचा निकाल मात्र कोर्टात नव्हे, सरकारच्या दफ्तरात लागला. त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन होते. पुढे १८८५ साली टिळक-आगरकरांच्याच मंडळींनी काढलेल्या कॉलेजला त्यांचे नाव दिले गेले. इतिहास कधी कधी असाही चालतो!

ही केवळ राजवाड्यातली गोष्ट आहे असे कुणी समजू नये. आमच्या गावाकडे एखाद्याला ‘येडा’ म्हटले की त्याचे बोलणे त्या दिवसापासून कुणी ऐकत नाही. एका घरी मी पाहिले आहे. धाकटा भाऊ रात्री झोपेना, एकटाच बोले. त्याला गोठ्यात बांधून ठेवले आणि पेरणीच्या आत सातबाऱ्यावरचे त्याचे नाव कमी झाले. औषध कुणी आणले नाही, अंगठा मात्र आठवणीने घेतला. छत्रपतींचे राज्य गेले, याची दोन एकर कोरडवाहू गेली. शब्द दोन्हीकडे एकच होता.

आज २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. त्याप्रमाणे मनोरुग्णाला साखळीने बांधता येत नाही. नुसता आजार आहे म्हणून त्याची बुद्धी भ्रष्ट झाली असे धरता येत नाही, ते न्यायालयानेच ठरवावे लागते. त्याला वकिलाची फुकट मदत मागता येते. हा कायदा आपल्या वाशीम जिल्ह्यातील वाड्या-तांड्यांपर्यंत कोण नेणार? शिकलेल्यांनीच न्यावा लागेल, आणि आता त्यांत आपण आलो.

महाराजांच्या मागे राणी आनंदीबाईसाहेबांनी १७ मार्च १८८४ रोजी जयसिंगराव घाटग्यांचे नऊ वर्षांचे पुत्र यशवंतराव यांना दत्तक घेतले. तेच आपले शाहू महाराज. १८९४ साली त्यांनी कारभार हाती घेतला, १९०१ पासून गोरगरिबांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली आणि १९०२ साली मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. त्यांच्या तसबिरीला आपण दरवर्षी २६ जूनला हार घालतो. त्याच वेळी, ज्यांना काही करून दाखविण्याची संधीच मिळाली नाही, त्या वीस वर्षांच्या छत्रपतींनाही एक फूल वाहावे, एवढीच माझी नम्र विनंती आहे.